बंद भूमिगत खाणकामांचा भूभौतिक शोध

बंद पडलेल्या खाणींतील बोगदे, गॅलऱ्या (थरात खोदलेले आडवे मार्ग) व पोकळ्या जमिनीखाली नेमक्या कोठे आहेत, हे खडक, हवा आणि पाणी यांच्या भौतिक गुणधर्मांतील फरकांवरून ओळखण्याच्या पद्धती. या शोधाचा पहिला आधार जुना नकाशा हाच असतो. मात्र तो अनेकदा हरवलेला किंवा खाण बंद होण्याच्या बराच आधी थांबलेला असतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात २४ जुलै २००२ रोजी क्वेक्रीक खाणीत शेजारच्या बंद सॅक्समन खाणीचे पाणी घुसले, ते तिच्या अखेरच्या कामाचा नकाशा चालकांच्या हाती नसल्यामुळे. अडकलेले नऊही कामगार वाचले आणि त्यानंतर तेथील संघराज्य सरकारने अशा सर्वेक्षणांच्या चाचण्यांना निधी दिला. झारखंडमधील (तेव्हाच्या बिहारमधील) चासनाला येथे २७ डिसेंबर १९७५ रोजी साठलेले पाणी खाणीत फुटून ३७० हून अधिक कामगार बुडाले होते.

सूक्ष्मगुरुत्वमापनात पोकळीमुळे गुरुत्वाकर्षणात पडणारी घट मोजतात. एकक मायक्रोगॅल, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाचा सुमारे शंभर कोटीवा भाग. कोळशाच्या थरात ३० मीटर खोलीवर असलेली, ४.८ मीटर रुंद व ३ मीटर उंच अशी एकच लांब गॅलरी हवेने भरलेली असेल, तर पृष्ठभागावर जेमतेम ८–९ मायक्रोगॅलची घट दिसते. तीच पाण्याने भरली असता घट दोनच्या आसपास येते. उपकरणाची उंची एका सेंटिमीटरने चुकली तरी मापनात तीन मायक्रोगॅलचा फरक पडतो. त्यामुळे सर्वांत धोकादायक, म्हणजे पाणी साठलेली, कामे या पद्धतीला सर्वांत कमी दिसतात.

विद्युत रोधकतेच्या (जमिनीकडून प्रवाहाला होणाऱ्या विरोधाच्या) पद्धतीत परिस्थिती नेमकी उलटी असते. जमिनीत ओळीने रोवलेल्या विद्युतअग्रांतून (धातूच्या सळ्यांतून) प्रवाह सोडून विभवांतर मोजले असता कोरडी पोकळी अतिरोधक दिसते, तर खाणीतील क्षारयुक्त पाणी प्रवाह सहज वाहून नेत असल्याने कमी रोधकतेचा पट्टा उमटतो. मात्र ओल्या चिकणमातीचा थरही तसाच दिसू शकतो. शिवाय शोधखोली अग्रओळीच्या लांबीच्या साधारण पाचव्या-सहाव्या हिश्शाइतकीच असते आणि वस्तीतील नळ, रूळ व विजेच्या तारा नोंदी बिघडवतात. भूवेधी रडार (जमिनीत रेडिओतरंग सोडून त्यांचे परावर्तन टिपणारे उपकरण) रस्त्याखालची उथळ पोकळी चांगली दाखवते, पण विदर्भातील काळ्या चिकण जमिनीत त्याचे तरंग लवकर शोषले जातात.

भूकंपीय, म्हणजे जमिनीत निर्माण केलेल्या कंपनतरंगांच्या, पद्धतींपैकी थरांतर्गत तरंगांची पद्धत कोळशासाठी विशेष उपयुक्त आहे. आजूबाजूच्या खडकापेक्षा कोळशात तरंगांचा वेग कमी असल्याने ते थरातच कोंडले जातात आणि वाटेत जुनी गॅलरी आली की परावर्तित होतात. अर्थात, यासाठी चालू खाणीत किंवा बोअरमध्ये उतरावे लागते.

महाराष्ट्रात हा विषय वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्याशी निगडित आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे ऑगस्ट २०२२ मध्ये जमीन खचून एक घर गडप झाले. त्या भागाखाली जुने भूमिगत खाणकाम झालेले आहे. अशा वस्तीत एका पद्धतीवर विसंबणे योग्य नव्हे. दोन स्वतंत्र पद्धतींत विसंगती, म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळी नोंद, एकाच जागी आली की तेथे बोअर घेऊन खात्री करतात आणि पोकळी आढळल्यास ती वाळू किंवा सिमेंटच्या मिश्रणाने भरतात. मात्र विसंगती न दिसणे म्हणजे जमीन भरीव असणे नव्हे. म्हणूनच जुन्या, पाण्याची शक्यता असलेल्या कामाच्या ६० मीटरच्या आत खोदकाम नेण्यापूर्वी भारतीय कोळसा खाण नियमांत परवानगीची अट आहे आणि पुढे जाताना आगाऊ बोअर घ्यावे लागतात.