बेसमेंटमधल्या खोलीला बेडरूम कधी म्हणता येतं?

भारतातून आई-बाबा सहा महिने राहायला येणार असले की घरात एक खोली कमी पडते आणि लक्ष बेसमेंटकडे जातं. मग पहिला प्रश्न येतो क्लोझेटचा: भिंतीतलं कपाट नसेल तर त्या खोलीला बेडरूम म्हणता येईल का? अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांच्या नियमांचा पाया असलेल्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोडमध्ये क्लोझेटची अट नाहीच. अट आहे ती बाहेर पडण्याच्या वाटेची: खोलीतून थेट बाहेर उघडणारं दार, नाहीतर माणूस निघेल एवढी खिडकी. रात्री आग लागून जिन्यात धूर भरला तर झोपलेल्यांना तीच वाट, आणि पाठीवर हवेची टाकी घेतलेल्या अग्निशमन दलाच्या जवानाला आत शिरायलाही तीच.

माप इथेच चुकतं. रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच, एवढं पुष्कळांना ठाऊक असतं. पण नेमकी तेवढीच खिडकी बसवली तर वाट मिळते जेमतेम ३.३ चौरस फुटांची, आणि लागते ५.७ ची. (खिडकीची खालची कड बाहेरच्या जमिनीपासून वर किंवा खाली ४४ इंचांच्या आत असेल तर ५ चालतात.) ५.७ साठी २० इंच रुंद खिडकी साधारण ४१ इंच उंच हवी. हे माप काचेचं नाही, खिडकी पूर्ण उघडल्यावरच्या मोकळ्या जागेचं आहे. सरकत्या खिडकीचा निम्मा भाग बंदच राहतो. आतल्या फरशीपासून खालची कड ४४ इंचांपेक्षा वर नको, आणि खिडकी किल्लीशिवाय उघडली पाहिजे.

खिडकी जमिनीखाली गेली तर बाहेर किमान ९ चौरस फुटांची विंडो वेल, म्हणजे खिडकीसमोर खणलेला मोकळा खड्डा, लागते, भिंतीपासून किमान ३६ इंच पुढे आलेली. ती ४४ इंचांहून खोल असेल तर कायमची शिडीही.

बाकीचं सोपं आहे. खोली किमान ७० चौरस फूट, कुठलीही बाजू ७ फुटांहून कमी नको, छत ७ फूट, खोलीत आणि खोलीबाहेर स्मोक अलार्म. परमिट मात्र काम सुरू होण्याआधीच घ्यायचं. घराला सेप्टिक टँक असेल तर वाढीव बेडरूमसाठी तो पुरेल का, हेही आधीच तपासावं लागतं.

ज्या बेसमेंटमध्ये पाणी शिरतं तिथे आम्ही बेडरूम करून देत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसात न्यूयॉर्क शहरात तळघरातल्या घरांमध्ये ११ माणसं गेली.

आम्हाला फोन करण्याआधी खिडकी पूर्ण उघडून रुंदी-उंची मोजून ठेवा, छताचीही. तुमच्या गावाचे वेगळे नियम असतील तर ते आम्ही काढून ठेवू.