पोटात पू असताना डॉक्टर थांबतात का?

स्वादुपिंडाच्या तीव्र दाहाने रुग्ण आयसीयूत असतो, ताप उतरत नाही, सीटी स्कॅनमध्ये मोठा साठा दिसतो. ‘पू झालाय, तर आजच ऑपरेशन करून का काढत नाही?’ असं नातेवाईक विचारतात. गळू पिकलं की फोडायचं, हे आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे. स्वादुपिंडाच्या बाबतीत मात्र ही घाई जिवावर बेतू शकते.

पित्ताचा खडा अडकला किंवा दारूने इजा झाली, की आतड्यात जाऊन कामाला लागायचं ते ट्रिप्सिन हे पाचक द्रव्य स्वादुपिंडातच सक्रिय होतं आणि ग्रंथीलाच पचवू लागतं. बहुतेक रुग्ण सलाइन आणि वेदनाशामकांवर बरे होतात. काहींच्या स्वादुपिंडाचा आणि आसपासच्या चरबीचा भाग मरतो, त्यात जंतुसंसर्ग होतो. (अशा दुखण्यात ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेण्यात मोलाचे तास जातात. कृपया तसं करू नका.)

पहिल्या दिवसांत मेलेला भाग जिवंत भागात मिसळलेला असतो. तो ओढायला गेलं तर रक्तवाहिनी फाटू शकते. साधारण ४ आठवड्यांत शरीर त्याभोवती तंतुमय भिंत उभी करतं, आणि ही भिंत बऱ्याचदा जठराच्या मागे टेकलेली असते. डॉक्टर वाट पाहतात ती या भिंतीची. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत १०४ रुग्ण होते. काहींचा पू लगेच बाहेर काढला, म्हणजे निचरा केला, तर काहींना थांबवलं. लगेच निचरा करून गुंतागुंत कमी झाली नाही. उलट, थांबवलेल्या गटातले ३९ टक्के रुग्ण निचऱ्याविना, अँटिबायोटिक्सवरच निभावले.

यापुढचं तंत्र मला विलक्षण वाटतं. टोकाला सोनोग्राफी असलेली एंडोस्कोपची नळी तोंडातून जठरात जाते. जठराच्या भिंतीपलीकडचा साठा पडद्यावर दिसतो, डॉप्लरने मधल्या रक्तवाहिन्याही दिसतात. त्या चुकवून, विजेने तापलेल्या टोकाने दोन्ही भिंतींना भोक पाडतात आणि डमरूच्या आकाराचा धातूचा स्टेंट, म्हणजे जाळीची पोकळ नळी, बसवतात. त्याचं एक तोंड साठ्यात उघडतं. मग नळी हळूच मागे ओढली की ते भिंतीला घट्ट टेकतं, आणि दुसरं तोंड जठरात उघडतं. दोन्ही भिंती एकमेकींना दाबून धरल्या गेल्यामुळे पू पोटाच्या पोकळीत सांडत नाही. जुन्या प्लास्टिक नळ्या जेमतेम ३ मिलिमीटरच्या, घट्ट तुकड्यांनी तुंबायच्या. हा स्टेंट मध्ये १५ मिलिमीटर रुंद असला, तर एंडोस्कोपच त्यातून आत जातो, मेलेले तुकडे पकडून जठरात आणून सोडतो. अनेकदा हे दोन-तीन वेळा करावं लागतं.

‘बिनटाक्याची जादू’ अशा जाहिराती मात्र दिशाभूल करतात. २०१८ च्या डच चाचणीत एंडोस्कोपच्या उपचाराने शस्त्रक्रियेच्या तुलनेत मृत्यू कमी झाले नाहीत. स्वादुपिंडाचा रस बाहेर झिरपत राहण्याचं प्रमाण मात्र ३२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलं. हा फायदा खरा आणि मोठा आहे.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर स्टेंट काढायची तारीख असते, बहुधा ३-४ आठवड्यांनंतरची. बरं वाटतंय म्हणून ती टाळू नका. साठा आटला की पोकळी आक्रसते, आणि स्टेंटची कड मागच्या रक्तवाहिनीवर घासून आत मोठा रक्तस्राव होऊ शकतो.