'कम्प्लीट कम्युनियन' : चार धुना, थांबा एकही नाही

अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक डॉन चेरीची 'कम्प्लीट कम्युनियन' ही तबकडी ऐकताना पहिली पंचाईत होते ती धुना मोजताना. तिच्या दोन बाजू, प्रत्येकी साधारण वीस मिनिटांची. एकेका बाजूवर चार धुना, पण मध्ये थांबा नाही. कुठली कधी संपली ते कानानेच हेरायचं.

१९५०च्या दशकाच्या अखेरीस चेरी फ्री जॅझचा प्रवर्तक सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या चौकडीत होता. त्या चौकडीने कॉर्ड्सचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांचा) ठरलेला क्रम झुगारला, पण आधी धून, मग एकेकाचं वादन, शेवटी पुन्हा धून हा साचा बहुतेक वेळा तसाच राहिला. तो मोडला १९६५मध्ये, पॅरिसच्या 'ल शा की पेश' क्लबात. चेरीच्या तिथल्या संचात पाच देशांत जन्मलेले पाच वादक होते. वाजवता वाजवता चेरी अचानक दुसऱ्याच धुनेचा तुकडा काढी आणि बाकीच्यांनी तो उचलायचा. मुखडा आला की तबलजी समेकडे निघतो, तसंच काहीसं. फक्त इथे मुखडा भलत्याच बंदिशीचा! धुना पाठ नसतील तर इशारा हुकतो आणि सगळंच विस्कटतं.

हीच रीत २४ डिसेंबर १९६५ रोजी न्यू जर्सीत, रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत 'ब्लू नोट' या जॅझ रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झाली. पॅरिसच्या संचातला फक्त गातो बार्बिएरी (टेनर सॅक्सोफोन) सोबत होता. डबल बासवर हेन्री ग्राइम्स, ड्रम्सवर एड ब्लॅकवेल. चेरी छोट्या पॉकेट ट्रम्पेटसाठी ओळखला जातो, पण इथे त्याच्या हाती कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखंच वाद्य आहे. ब्लॅकवेलकडे कान द्या : तो नुसता ठेका धरत नाही, ड्रम्सवर धुनेचा आकार वाजवतो.

चेरीचा सूर फाटतो, ही तक्रार जुनीच. ती खोटी नाही, पण इथे गैरलागू आहे. कसब आहे ते जोडकामात. जर्मन अभ्यासक एकेहार्ड योस्टने १९७४च्या 'फ्री जॅझ' या ग्रंथात चेरीला स्वतंत्र प्रकरण दिलं आणि या सलग बांधणीची चिकित्सा केली. त्याआधीच, १९ सप्टेंबर १९६६ला, चेरीने स्वतःसह सात जणांच्या संचात 'सिम्फनी फॉर इम्प्रोवायझर्स' या तबकडीमध्ये हीच रीत वापरली होती. पुढे सत्तरच्या दशकात त्याच्यासोबत मुंबईचा त्रिलोक गुर्टूही वाजवू लागला, ठुमरीगायिका शोभा गुर्टूंचा मुलगा.