फड पद्धती

फड पद्धती : नदीवर बंधारा घालून, पाटाने वळवलेले पाणी शेतजमिनीच्या ठरीव विभागांना पाळीने देण्याची, लाभधारक शेतकऱ्यांनीच चालवलेली सिंचनव्यवस्था. नाशिक जिल्ह्यातील बागलाण, कळवण व मालेगाव हे तालुके आणि लगतचा धुळे जिल्हा हे तिचे मुख्य क्षेत्र. मोसम, आरम, गिरणा व पांझरा या तापी खोऱ्यातील नद्यांवर ती रुजली.

तिचा उगम वादग्रस्त आहे. सामान्यतः ती तीन-चारशे वर्षांपूर्वीची मानली जाते. परंपरेने चुनेगच्ची बंधाऱ्यांचे श्रेय खानदेशच्या फारुकी सुलतानांना (१३८२–१६०१) दिले जाते. खानदेशापुरते हे मत ग्राह्य धरता येईल. बागलाणाला ते तितकेसे लागू पडत नाही. तेथे मुल्हेरच्या बागूल राजांची सत्ता होती. फारुकींशी त्यांचे संबंध कधी मांडलिकीचे, कधी वैराचे राहिले आणि त्यांचे राज्य संपले ते औरंगजेबाच्या स्वारीत, १६३८ च्या सुमारास. म्हणून मोसम-आरमेवरचे जुने बंधारे बागुलांच्या वा स्थानिक वतनदारांच्या आश्रयाने झाले असावेत, असाही तर्क करता येतो. बांधकाम कोणत्याही सत्तेचे असो, पाणीवाटपाची घडी गावांनी मागाहून, हळूहळू बसवली, हे मत अधिक संभवनीय वाटते. भिंतीचे वय तेच पाळीचे वय असण्याचे कारण नाही. पाळीचे नियम तोंडी चालत असल्याने त्यांचा काळ ठरवणे आणखी अवघड होते. त्यातच १८६९ मध्ये नाशिक जिल्हा वेगळा झाल्याने एकाच नदीखोऱ्याची माहिती खानदेश (१८८०) व नाशिक (१८८३) अशा दोन गॅझेटिअरांत विखुरली.

बंधाऱ्याखाली भिजणाऱ्या सर्व जमिनीला थळ म्हणतात. थळाचे साधारणतः तीन किंवा चार फड, म्हणजे विभाग, पाडलेले असतात. एका फडात एकच पीक. एका फडात ऊस, बाकीच्यांत गहू, हरभरा, बाजरी यांसारखी हंगामी पिके, एखादा फड पड. पुढील वर्षी पिकांची फेरपालट. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कमी फड भिजवायचे, हे पंच ठरवीत. शेतकऱ्याची जमीन शक्यतो प्रत्येक फडात थोडीथोडी असे, त्यामुळे टंचाईचा भार सर्वांवर पडे. व्यवस्थेचे मर्म इथे आहे.

पाटाचे पाणी पाटकरी सोडतो, शेतात ते बारेकरी फिरवतो. मालकाने स्वतः आपल्या वाफ्याचे बारे (पाणी आत घेण्याचे तोंड) फोडायचे नाही, हा दंडक. उभ्या पिकाची राखण जागल्याकडे, सर्वांवर देखरेख हवालदाराची. त्यांचा मोबदला पूर्वी धान्यात मिळे. पाटातला गाळ काढण्याचे काम जमिनीच्या प्रमाणात वाटून घेतले जाई.

ब्रिटिश महसुली दप्तरांचा भर भिजक्षेत्र आणि आकारणी यांवर होता. पाटस्थळ (पाटाच्या पाण्यावरील) आणि मोटस्थळ (विहिरीवरील मोटेच्या पाण्यावरील) जमिनींचा सारा वेगळा असे. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ मध्ये अशा कामांना दुसऱ्या वर्गाची पाटबंधारे कामे म्हणून जागा मिळाली. अभियांत्रिकीच्या लेखी तंत्र म्हणजे धरण, दरवाजा, विसर्ग. साधारणपणे १९८० नंतरच्या अभ्यासकांनी मात्र पाळीचा नियम आणि पाटकऱ्याचे पद यांनाही तंत्रज्ञानाचाच भाग मानले. ही भूमिका प्रस्तुत विषयाला न्याय देणारी आहे. नुसत्या बंधाऱ्याचे वर्णन करून फड समजत नाही.

ऱ्हासाची कारणे सर्वज्ञात आहेत : वरच्या अंगाला चणकापूर, हरणबारी यांसारखी धरणे, विहिरींवरील विजेचे पंप, आणि द्राक्ष-डाळिंबासारखी बहुवर्षायू पिके. डाळिंबाची बाग दरवर्षी फेरपालट करता येत नाही आणि ठिबकला पाटकरी लागत नाही.

दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर १९९० च्या दशकापासून शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचा त्यांत मोठा वाटा होता. शेतकऱ्यांकडे सिंचनाचे व्यवस्थापन सोपवणारा राज्याचा कायदा त्यानंतर २००५ मध्ये झाला. वाघाडला फडाचा वारसदार म्हणण्याचा मोह होतो, पण वाघाड गोदावरी खोऱ्यात आहे, तिथे पाणी घनमापनाने मोजून दिले जाते आणि पीक कोणते घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे असते.