कुटुंब न्यायालयातील हिंसा-तपासणी (बडोदे)

घटस्फोट, पोटगी किंवा मुलांच्या ताब्यासाठी कुटुंब न्यायालयात आलेल्या जोडप्याला समेटासाठी समोरासमोर बसवण्याआधी, त्या घरात मारहाण, धाक किंवा पैशांची कोंडी आहे का, हे बाईला एकटीला विचारून जाणून घेण्याची कामाची पद्धत. समुपदेशक, संरक्षण अधिकारी, विधी सेवेचे वकील, मध्यस्थ, डॉक्टर आणि न्यायाधीश या सगळ्यांचा तिच्यात हात असतो. या नावाचे कलम कोणत्याही कायद्यात नाही. निरनिराळ्या तरतुदी एकत्र आणून ती उभी करावी लागते, त्यामुळे ती कितपत चालते हे करणाऱ्या माणसांवर ठरते.

कुटुंब न्यायालय अधिनियम १९८४ चा. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांत अशी न्यायालये असावीत, असे तो सांगतो. कलम ९ प्रमाणे न्यायाधीशाने आधी तडजोडीचा प्रयत्न करायचा, कलम ६ प्रमाणे समुपदेशक नेमायचे आणि कलम १३ प्रमाणे वकील हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायाधीश निवडतानाही विवाहसंस्था टिकवण्याची आस्था असलेली व्यक्ती पाहावी, असे कलम ४ म्हणते. बायकांना दिवाणी कोर्टाच्या हेलपाट्यांतून सोडवण्याचा हेतू त्यामागे होता आणि तो खराच होता. पण तडजोडीला दोन्ही बाजूंना मोकळेपणाने बोलता यायला हवे. जिच्यावर हात उचलला जातो ती नवऱ्याच्या शेजारच्या खुर्चीत बसून काय बोलणार? ‘संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच’ या एका वाक्याखाली किती घरांतला मार झाकला गेला, याची मोजदाद नाही.

ही उणीव पुढे कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याने बरीच भरून काढली. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-मानसिक आणि आर्थिक अशी चारही प्रकारची हिंसा त्यात येते. अर्ज सहसा दंडाधिकाऱ्यापुढे होतो. मात्र कलम २६ मुळे संरक्षण, त्याच घरात राहण्याचा हक्क, खर्च आणि भरपाई या गोष्टी कुटुंब न्यायालयात चालू असलेल्या दाव्यातही मागता येतात. हे कलम जितके वापरले जायला हवे तितके वापरले जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दुसऱ्या कोर्टाची पायरी चढायला न लावता बाईच्या डोक्यावर छप्पर ठेवण्याची ताकद त्यात आहे. त्यासाठी ते तिला कोणीतरी वेळेवर सांगावे लागते.

बडोद्याला या विषयाचा जुना वारसा आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात हिंदूंना जातीच्या रूढीबाहेर घटस्फोटाचा कायदा नव्हता, तेव्हा महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात १९३१ साली हिंदू लग्नविच्छेदाचा कायदा झाला. सबंध देशासाठी हिंदू विवाह कायदा आला तो १९५५ मध्ये. सुरसागर तलावासमोरच्या न्यायमंदिर या इमारतीत शहराची कोर्टकचेरी अनेक पिढ्या चालली. २०१८ मध्ये जिल्हा न्यायालय दिवाळीपुऱ्यातल्या नव्या संकुलात गेले. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली जुनी मराठी माणसे ‘कोर्टात’ म्हणताना अजून न्यायमंदिराकडेच हात करतात.

प्रत्यक्ष तपासणीत प्रश्नाला फार महत्त्व असते. ‘नवरा मारतो का?’ असे थेट विचारले तर बहुतेक बायका दाराकडे नजर टाकून ‘नाही, तसं काही नाही’ म्हणतात. जाणती समुपदेशक आधी नवऱ्याला आणि सासरच्यांना बाहेर बसवते आणि मग विचारते, ‘ताई, घरात वाद झाला की पुढे काय होतं?’ पगार कोणाच्या हातात जातो, माहेरी फोन करता येतो का, दागिने कोणाजवळ आहेत, रात्री कधी घराबाहेर काढले का, असे एकेक विचारत ती पुढे जाते. २००५ च्या कायद्याच्या नियमांतील नमुना १, म्हणजे घरगुती घटना अहवाल, याच वळणाचा आहे. घरखर्च न देणे, नोकरी करू न देणे, मुलगा झाला नाही म्हणून टोमणे मारणे, आत्महत्येची धमकी देणे, स्त्रीधन विकून टाकणे, हे सगळे त्यात वेगवेगळे नोंदवता येते. नमुना ५ हा सुरक्षा आराखडा आहे.

याच कायद्याच्या २००६ च्या नियमांतील नियम १४ समुपदेशकांनी तोंडपाठ करावा इतका मोलाचा आहे. हिंसा का केली याचे समर्थन समुपदेशनात प्रतिवादीला मांडू द्यायचे नाही आणि हे त्याला आधीच सांगून ठेवायचे. पुन्हा असे करणार नाही, ही हमी त्याच्याकडून घ्यायची. समझोत्याचा प्रयत्न बाईची इच्छा असेल तरच. ‘तिने उलट उत्तर दिलं म्हणून’ ही सबब तिथेच थांबते.

भाषेची एक अडचण बडोद्याच्या मराठी घरांना जास्त जाणवते. खालच्या न्यायालयांचे कामकाज गुजरातीत चालते. पोटगीला ‘भरणपोषण’, घटस्फोटाला ‘छूटाछेडा’ म्हणतात, तारखेला ‘मुदत’. हे शब्द इथल्या मराठीत रुळलेले आहेत. फसगत होते ती ‘समाधान’ या शब्दाची. गुजरातीत त्याचा अर्थ तडजोड. ‘समाधान करवुं छे?’ असे विचारल्यावर, लग्न होऊन महाराष्ट्रातून नुकतीच आलेली मुलगी आपल्या मनाला बरे वाटेल का असे विचारताहेत समजून मान हलवते. सहीपूर्वी जबाब मराठीत वाचून दाखवणे हे अशा वेळी सौजन्यापुरते राहत नाही, तिचा निर्णय त्यावर अवलंबून असतो.

मदतीची इतर ठिकाणेही आहेत. गुजरातमध्ये २००५ च्या कायद्याखालील संरक्षण अधिकाऱ्याचे काम पाहणारा जिल्हा अधिकारी ‘दहेज प्रतिबंधक सह रक्षण अधिकारी’ म्हणून ओळखला जातो. महिलांसाठीची १८१ अभयम हेल्पलाइन २०१५ पासून राज्यभर आहे. तिच्या गाडीत समुपदेशक आणि महिला पोलीस असतात. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा आणि तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचे आदेश राज्यांना दिले. कायदा लागू होऊन जवळपास एकोणीस वर्षांनी असा आदेश द्यावा लागला, ही खेदाची गोष्ट आहे.

पुराव्याबाबत कुटुंब न्यायालय उदार आहे. १९८४ च्या कायद्याच्या कलम १४ प्रमाणे, एरवी पुरावा कायद्यात न बसणारा कागदही न्यायाधीश पाहू शकतात. त्यामुळे सरकारी दवाखान्याचा जुना केसपेपर, त्यावरची ‘डाव्या मनगटाला सूज’ एवढी ओळ, फेकून देऊ नये. पोटगीत २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते.

सर्वांत नाजूक वेळ मुलांच्या भेटीची. बाप लेकराला भेटायला येतो, त्या निमित्ताने आईचा नवा पत्ता, येण्याजाण्याची वेळ त्याला कळते. २००५ च्या कायद्याचे कलम २१ मुलाला अपाय होण्यासारखा असेल तर भेट नाकारण्याची मुभा देते. ज्या प्रकरणात भेट द्यायची, त्यात मूल घराच्या दारात न सोपवता न्यायालयाच्या आवारात, समुपदेशकाच्या देखत सोपवावे आणि आईला आधी निघू द्यावे, अशी काळजी अनुभवी माणसे घेतात. बाप मागच्या बाकावर थांबतो, आई रिक्षात बसते, आणि रिक्षा वळणाआड गेली की समुपदेशक त्याला जायला सांगते.