अमेरिकी विद्यापीठांतील खेळाडूंचे मानधन : पात्रता, नोंदणी आणि कागदपत्रे

अमेरिकेतील विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या विद्यार्थ्याला आता उघडपणे पैसे मिळू शकतात. मात्र ते पैसे कोणाच्या खिशातून येतात यावर नोंद कुठे करायची, कोणती कागदपत्रे जोडायची आणि चूक झाल्यास ती कोणी निस्तरायची, हे सारे ठरते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले आणि महाराष्ट्रातून टेनिस, जलतरण, गोल्फ यांसारख्या खेळांच्या शिष्यवृत्तीवर जाणारी मुले, असे दोन्ही गट येथे विचारात घेतले आहेत. दोघांचा संघ एक असला तरी व्हिसा वेगळा असतो, आणि त्या एका फरकाने पुढचा बहुतेक मार्ग बदलतो.

हा बदल कसा झाला

विद्यापीठीय खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेने अनेक दशके एकच भूमिका घेतली होती : खेळाडू हा विद्यार्थी आहे, त्याला शिक्षणाचा खर्च मिळेल, त्यापलीकडे काही नाही. अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलच्या आणि बास्केटबॉलच्या प्रक्षेपण हक्कांतून मोठमोठ्या रकमा येत राहिल्या, प्रशिक्षकांचे पगार वाढत गेले, आणि ही भूमिका न्यायालयात टिकेनाशी झाली. 2021 च्या जूनमध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. त्यानंतर लगेच 1 जुलै 2021 पासून खेळाडूला स्वतःचे नाव, प्रतिमा आणि ओळख वापरू देण्याच्या बदल्यात जाहिरातदारांकडून मानधन घेण्याची मुभा मिळाली. याच व्यवहाराला सर्वत्र एनआयएल म्हणतात. पुढे ॲरिझोना स्टेट विद्यापीठाचा जलतरणपटू ग्रँट हाउस याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यातील तडजोडीला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी 6 जून 2025 रोजी अंतिम मान्यता दिली आणि 1 जुलै 2025 पासून विद्यापीठांना स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले.

पैशांच्या तीन वाटा

पहिली वाट थकबाकीची, म्हणजे पूर्वी न मिळालेल्या मानधनाच्या भरपाईची. 15 जून 2016 ते 15 सप्टेंबर 2024 या काळात डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे एनसीएएच्या सर्वांत वरच्या श्रेणीत, खेळलेल्यांसाठी सुमारे 2.8 अब्ज डॉलर, दहा वर्षांत विभागून, द्यायचे या तडजोडीत ठरले. मात्र या वाटणीचा मोठा भाग पुरुषांच्या फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातो, हे स्त्री-पुरुष समानतेच्या कायद्याला धरून नाही, असा आक्षेप घेऊन काही महिला खेळाडूंनी जून 2025 मध्येच अपील केले आणि त्यामुळे थकबाकीचे वाटप अडले. आता नव्याने प्रवेश घेणाऱ्यांचा या निधीशी संबंध नाही. या नावाने शुल्क मागणारा संदेश आला तर तो दुर्लक्षित करावा.

दुसरी वाट विद्यापीठाच्या महसुलातील वाट्याची. 2025-26 या वर्षासाठी एका विद्यापीठाला सर्व खेळाडूंत मिळून कमाल सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर वाटता येतात. या वाट्यासाठी अर्जाचा कोणताही नमुना नाही आणि कोणाला किती द्यायचे हे विद्यापीठच ठरवते, ही गोष्ट पालकांनी आधीच समजून घ्यावी. कमाल मर्यादा आखलेली आहे, किमान हक्क आखलेला नाही. शिवाय प्रत्येक विद्यापीठ या व्यवस्थेत सामील झालेले नाही. आपल्याकडे ज्यांचे फार आकर्षण आहे त्या आयव्ही लीगच्या आठही विद्यापीठांनी बाहेर राहण्याचा निर्णय घेतला आहे, आणि तेथे खेळाच्या गुणवत्तेवर शिष्यवृत्तीही दिली जात नाही. डिव्हिजन थ्री या तिसऱ्या श्रेणीतही क्रीडा शिष्यवृत्ती नसते.

तिसरी वाट त्रयस्थांची, म्हणजे जाहिरातदार, दुकानदार, समाजमाध्यमांवरील ब्रँड किंवा विद्यापीठाच्या हौशी देणगीदारांनी उभारलेली मंडळे. नोंदणीची खरी प्रक्रिया याच वाटेवर आहे.

खेळण्याची पात्रता

मानधनाचा प्रश्न येण्याआधी विद्यार्थी डिव्हिजन वनमध्ये खेळण्यास पात्र असावा लागतो आणि ती तपासणी एनसीएएचे एलिजिबिलिटी सेंटर करते. ठरावीक विषयांतील 16 अभ्यासक्रम आणि त्यांत किमान 2.3 (4 पैकी) सरासरी ग्रेड अशी शैक्षणिक अट आहे. पात्रतेसाठी एसएटी किंवा एसीटी या प्रवेश परीक्षांचे गुण 2023 पासून लागत नाहीत, परंतु एखादे विद्यापीठ प्रवेशासाठी ते मागू शकते. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याची नववी ते बारावी ही चारही वर्षे मोजली जातात. आपल्याकडे दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका जिवापाड जपल्या जातात आणि नववीचे प्रगतिपुस्तक मात्र रद्दीत जाते. नेमके तेच येथे अडते. शाळा सोडण्यापूर्वी नववी आणि अकरावीच्या गुणपत्रिका शिक्क्यासह घ्याव्यात, त्या मराठीत असतील तर मूळ प्रत आणि प्रमाणित इंग्रजी भाषांतर दोन्ही ठेवावीत. बारावीनंतर केवळ स्पर्धा खेळण्यासाठी एखादे वर्ष बाहेर काढण्याचा विचार असेल, विशेषतः टेनिसमध्ये, तर आधी त्या विद्यापीठाला लेखी विचारावे, कारण अशा खंडामुळे खेळण्याची वर्षे कमी होऊ शकतात.

शिष्यवृत्तीचे गणितही बदलले आहे. पूर्वी पुरुषांच्या टेनिस संघाला साडेचारच पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत आणि त्या आठ-दहा जणांत तुकड्यातुकड्यांनी वाटल्या जात. तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची मर्यादा गेली, पण तिच्या जागी संघातील खेळाडूंच्या संख्येवरच मर्यादा आली. त्यामुळे विनाशिष्यवृत्ती संघात शिरून जागा मिळवण्याचा जुना मार्ग बराच अरुंद झाला.

एनआयएल गो वर नोंदणी

त्रयस्थाशी केलेला करार 600 डॉलर किंवा त्याहून अधिक रकमेचा असेल, तर तो सही झाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत एनआयएल गो या संकेतस्थळावर नोंदवावा लागतो. हे संकेतस्थळ डेलॉइट ही संस्था चालवते आणि अंमलबजावणी नव्याने स्थापन झालेल्या कॉलेज स्पोर्ट्स कमिशनकडे आहे. एकाच देणाऱ्याकडून आलेल्या लहान रकमा एकत्र मोजल्या जातात. चारशे आणि तीनशे डॉलरचे दोन करार करून नोंद टाळण्याचा विचार करू नये. ही जबाबदारी विद्यार्थ्याची आहे. एजंटाने किंवा ब्रँडने 'आम्ही बघतो' म्हटले तरी मुदत चुकल्याचा परिणाम विद्यार्थ्याच्या खेळण्याच्या पात्रतेवर होतो.

खाते उघडताना विद्यापीठ, खेळ आणि संपर्काचा तपशील द्यावा लागतो. त्यानंतर स्वाक्षरी केलेल्या कराराची पूर्ण प्रत, पैसे देणाऱ्याचे नाव आणि संपर्क, विद्यार्थ्याने करायचे काम, रक्कम आणि ती कोणत्या टप्प्यांत मिळणार याचे वेळापत्रक, तसेच एजंट असल्यास त्याची माहिती तयार ठेवावी. 'सोशल मीडियावर प्रसिद्धी' इतकेच लिहिलेला करार पुढे प्रश्न निर्माण करतो. किती पोस्ट, कोणत्या माध्यमावर, कोणत्या तारखेपर्यंत, छायाचित्रे ब्रँडने किती काळ वापरायची, हे करारातच असावे. विद्यार्थी अठरा वर्षांखालील असेल तर पालकांच्या सहीबाबत त्या राज्याचा कायदा पाहावा, आणि एजंटाची त्या राज्यात नोंदणी आहे का हेही विचारावे.

तपासणीत पहिला प्रश्न असा, की पैसे देणारा विद्यापीठाशी संलग्न आहे का. विद्यापीठाला आयुष्यभरात 50,000 डॉलरहून अधिक देणगी दिलेली व्यक्ती किंवा खेळाडूंना पैसे पोहोचवण्यासाठीच उभे केलेले मंडळ संलग्न धरले जाते. अशा करारामागे खराखुरा व्यावसायिक हेतू असावा आणि रक्कम बाजारातील पातळीला धरून असावी, अशा दोन अटी लागतात. गावातल्या एखाद्या उपाहारगृहाने वा क्रीडासाहित्याच्या दुकानाने केलेल्या करारावर ही छाननी सहसा येत नाही, पण नोंद मात्र करावीच लागते. करार नामंजूर झाला तर तो दुरुस्त करून पुन्हा सादर करता येतो, रद्द करता येतो किंवा लवादाकडे दाद मागता येते. नामंजूर करार तसाच पुढे चालवला तर खेळण्याची पात्रता धोक्यात येते.

विद्यापीठाशी होणारा करार वाचताना

विद्यापीठ महसुलातील वाटा देते तेव्हा ते खेळाडूच्या प्रतिमेचा परवाना घेते आणि त्याचा स्वतंत्र करार करते. सप्टेंबर 2024 मध्ये लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठाचा क्वार्टरबॅक, म्हणजे फुटबॉल संघाची चढाई चालवणारा खेळाडू, मॅथ्यू स्लुका हंगाम सुरू असतानाच संघ सोडून गेला. एका प्रशिक्षकाने एक लाख डॉलरचे तोंडी आश्वासन दिले होते आणि ते पाळले गेले नाही, असे त्याच्या बाजूचे म्हणणे होते आणि विद्यापीठाने ते नाकारले. कागद नसल्यामुळे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात झाला. उलट बाजूचे उदाहरणही आहे : जॉर्जिया विद्यापीठाच्या क्रीडा संघटनेने मिझुरी विद्यापीठाच्या संघात गेलेल्या डेमन विल्सन या खेळाडूकडून, करारातील तरतुदीवर बोट ठेवून, 3 लाख 90 हजार डॉलरची मागणी केली. संस्थेने शब्द फिरवल्याचा आरोप असो वा विद्यार्थ्याने संघ बदललेला असो, दोन्ही वेळा निकाल कागदावरच अवलंबून असतो, आणि तो कागद संस्थेच्या वकिलांनी लिहिलेला असतो.

म्हणून संघ सोडल्यास, दुखापत झाल्यास, प्रशिक्षक बदलल्यास किंवा संघातून वगळल्यास उरलेल्या रकमेचे काय होईल, ही चार उत्तरे करारात शोधावीत आणि न सापडल्यास लेखी मागावीत. वाद कोणत्या राज्यात आणि न्यायालयात की लवादापुढे चालेल, हेही पाहावे. विद्यापीठाचे कम्प्लायन्स कार्यालय नियम सांगेल, परंतु ते विद्यापीठाचे कार्यालय आहे. त्याला आपल्या पाल्याचा वकील समजू नये. स्वतंत्र वकिलाची काही शे डॉलरची फी या ठिकाणी वाचवण्यासारखी नाही.

एफ-वन व्हिसावरील विद्यार्थी

अमेरिकेचे नागरिक वा ग्रीन कार्डधारक असलेल्या मुलांना हा विभाग वगळता येईल. भारतातून गेलेल्या विद्यार्थ्यासाठी मात्र तो सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण एनआयएल गो ने मंजुरी दिली म्हणून व्हिसाचा नियम मोडत नाही असे मुळीच नाही. ती यंत्रणा खेळाचे नियम तपासते. इमिग्रेशनचा तिच्याशी संबंध नाही.

एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय विद्यापीठाबाहेर काम करता येत नाही, आणि मोबदला घेऊन जाहिरातीचे चित्रीकरण करणे, दुकानात सह्या देणे किंवा प्रायोजित पोस्ट टाकणे हे काम समजले जाण्याचा धोका असतो. व्हिसाच्या नियमांत एनआयएलसाठी वेगळी तरतूद नाही. पर्ड्यू विद्यापीठाचा कॅनडाहून आलेला बास्केटबॉलपटू झॅक एडी देशातील सर्वोत्तम खेळाडू ठरूनही सहकाऱ्यांप्रमाणे हे करार करू शकत नव्हता. केंटकीच्या संघातील काँगोच्या ऑस्कर शिब्वेने 2022 मध्ये संघ बहामाला गेला असताना तेथे जाहिरातीची कामे उरकली, म्हणजे काम अमेरिकेच्या भूमीबाहेर झाले. केवळ प्रतिमेच्या परवान्यापोटी, कोणतेही काम न करता मिळणारी रक्कम वेगळी, असे मानणारे वकील आहेत. मात्र प्रत्येक विद्यापीठ ते स्वीकारतेच असे नाही.

त्यामुळे क्रम उलटा ठेवावा. सही करण्याआधी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातील नियुक्त अधिकाऱ्याला, म्हणजे डीएसओला, कराराचा मसुदा, पासपोर्ट, व्हिसा, आय-ट्वेंटी (विद्यापीठाने दिलेले प्रवेशपत्र) आणि आय-नाइंटीफोर (अमेरिकेत शिरल्याची नोंद) यांच्या प्रतींसह ईमेलने पाठवावा, लेखी उत्तर घ्यावे आणि मग इमिग्रेशन वकिलाकडे जावे. प्रशिक्षकाने 'सगळेच करतात' असे सांगितल्यास ते उत्तर मानू नये; व्हिसाची स्थिती गेली तर शिष्यवृत्ती, संघातील जागा आणि पदवी तिन्ही एकदम अडकतात, आणि प्रशिक्षकाचे मात्र काही जात नाही.

कर

मिळालेली रक्कम करपात्र असते. अमेरिकी रहिवाशाने देणाऱ्याला डब्ल्यू-नाइन हा करदात्याच्या माहितीचा नमुना भरून द्यायचा असतो आणि खर्च वजा जाता स्वयंरोजगाराचे उत्पन्न 400 डॉलर झाले, तर स्वयंरोजगार कराचाही हिशोब करावा लागतो. एनआयएल गो मधील 600 डॉलरची मर्यादा करासाठी लागू नाही. त्याहून कमी रक्कमही विवरणपत्रात दाखवावीच लागते. हिशोबासाठी प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम, फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत आणि एजंटाची दलाली लिहून ठेवावी. बुटांचा जोड किंवा वापरायला दिलेली गाडी हेही उत्पन्नच धरले जाते.

एफ-वनवरील भारतीय विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षे सहसा अनिवासी धरला जातो. त्याने डब्ल्यू-नाइन भरू नये. अनिवासींसाठीचा कोणता डब्ल्यू-एट नमुना लागू होतो हे विद्यापीठाच्या कर विभागाला विचारावे, कारण अनिवासीच्या रकमेतून 30 टक्के कर आधीच कापला जाऊ शकतो. विवरणपत्र 1040-एनआर या नमुन्यात भरायचे असते. भारत-अमेरिका कर कराराच्या 21 व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना मिळत नाही. उत्पन्न शून्य असले तरी 8843 हा, अनिवासी स्थिती दाखवणारा, नमुना दरवर्षी पाठवावा लागतो, आणि तो संघातील अनिवासी धरल्या जाणाऱ्या प्रत्येक एफ-वन खेळाडूला लागू आहे, मग त्याने करार केलेला असो वा नसो.