देवावरचा राग आणि देवाच्या ठेकेदारांवरचा राग

गोव्यात फोंड्याला बहिणीकडे गणेश चवथीची घुमट आरती चालली होती. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली भाचा शामेळ या वाद्यावर काठ्या आपटत होता. अंगात हेवी मेटल बँडचा काळा टी-शर्ट, त्यावर उलटा क्रॉस. आरती आटोपल्यावर पंचखाद्य चघळत शेजारचे काका म्हणाले, "हे सैतानाचं ना रे?" भाचा फणकारला, "नाही काका, हे धर्मांधतेविरुद्ध आहे." चूक दोघांचीही होती. त्या चित्रात सैतानाची पूजा नव्हती, पण रोख धर्मांधतेवरही नव्हता. तो सरळ धर्मावरच होता.

हेवी मेटल या रॉक संगीताच्या कर्कश प्रकारात हा घोटाळा नेहमीचाच. गिटार तीच खरवडणारी, आरडाओरडा तोच, शब्दांत रक्त, आग आणि नरक. एक गाणं देवालाच नाकारतं, दुसरं देवाचं नाव घेऊन माणसं मारणाऱ्यांना झोडपतं. नुसत्या कानाला फरक कळत नाही. गाण्यात बोलतोय कोण आणि मरतोय कोण, हे पाहावं लागतं.

दोन्ही एकाच तबकडीवर ऐकायची असतील तर स्लेयर या अमेरिकी बँडचा 2006 चा 'क्राइस्ट इल्यूजन' घ्या. त्यातलं 'कल्ट' हे गाणं ख्रिस्ती श्रद्धेवरच तुटून पडतं. ते बँडचा गिटारवादक केरी किंगचं, आणि तो पक्का नास्तिक. त्याच आल्बमवर 'जिहाद' आहे. त्यात 11 सप्टेंबरच्या हल्ल्यातला विमान अपहरणकर्ता स्वतः बोलतो. मध्ये कुणी येऊन 'हा माणूस वाईट' असं सांगत नाही. त्याची खात्री, त्याची घाई आपण त्याच्याच तोंडून ऐकतो आणि अंगावर काटा येतो. माझ्या मते धर्मांधतेवर याहून जळजळीत टीका नाही. पण अर्धवट ऐकणाऱ्याला हे त्याचं कौतुक वाटू शकतं. गंमत म्हणजे ही ओरड ज्याच्या गळ्यातून येते तो टॉम अराया स्वतःला कॅथलिक म्हणवतो. मुखपृष्ठावरच्या छिन्नविच्छिन्न ख्रिस्तामुळे मुंबईतल्या कॅथलिक संघटनांनी तक्रार केली आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने त्याच वर्षी हा आल्बम भारतातून मागे घेतला. दोन्ही जातीची गाणी एकाच गठ्ठ्यात गेली.

सोंगाचं बोलणं आणि सोंग घेणाऱ्याचं मत यांतला फरक आपल्याकडे नवा नाही. जत्रेच्या काल्यात दशावतारी संकासुर काळ्या कपड्यांत, लोंबती जीभ घेऊन मंडपात येतो तेव्हा पोरं किंचाळतात. पण त्या नटाने खरोखर वेद चोरले असं कुणी म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी तोच माणूस बाजारात भाजी घेताना दिसतो. आयर्न मेडन या ब्रिटिश बँडच्या 1982 च्या 'द नंबर ऑफ द बीस्ट'चंही असंच. एका दुःस्वप्नावरून सुचलेलं ते भयनाट्य. अमेरिकेत लोकांनी त्या तबकड्या जाळल्या. त्याच बँडने 2006 मध्ये 'फॉर द ग्रेटर गुड ऑफ गॉड' केलं. धर्माच्या नावावर होणाऱ्या युद्धांना जाब विचारणारं ते गाणं जाळायला मात्र कुणी आलं नाही.

मेगाडेथ या अमेरिकी बँडच्या 'होली वॉर्स'ची जन्मकथा तर फजितीची आहे. 1988 मध्ये उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमला बँडचा गायक डेव्ह मस्टेनने दारूच्या नशेत, अर्थ नीट न कळताच, एक गाणं 'कार्या'ला, म्हणजे आयर्लंड एक करण्याच्या लढ्याला, अर्पण केलं. कॅथलिक-प्रोटेस्टंट वैराने आधीच पेटलेल्या त्या गावात सभागृहात मारामारी उसळली. त्यावरून सुचलेलं 'होली वॉर्स' 1990 मध्ये आलं. त्यात रोख देवावर नाही, देवासाठी मारायला निघालेल्यांवर आहे.

मेटॅलिकाच्या 'द गॉड दॅट फेल्ड'ला (1991) मात्र मला आजही कुठल्याच खणात बसवता येत नाही. बँडचा गायक जेम्स हेटफिल्ड याची आई तिच्या पंथाच्या शिकवणीमुळे औषध न घेता कर्करोगाने गेली. राग पंथावर की देवावर? मुलालाही ते वेगळं करता आलं नसावं.

नॉर्वेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे मामला गाण्यापुरता उरलाच नाही. 1992 पासून तिथल्या ब्लॅक मेटल या मेटलच्या शाखेतल्या पोरांनी लाकडी चर्चेस पेटवली. धर्मांधांना शिव्या देता देता तीही धर्मांधच झाली.

फोंडा महालात राहणाऱ्याला हा भेद खरं तर जड जाऊ नये. पोर्तुगीजांनी देवळं मोडायला घेतल्यावर मंगेशी कुठ्ठाळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून इकडे का आली, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. इन्क्विझिशनचा, म्हणजे पोर्तुगीजांच्या धर्मन्यायालयाचा, राग अजून आहे. तरी म्हापशाच्या चर्चमधल्या मिलाग्रीस सायबिणीच्या (मेरी मातेच्या) फेस्ताला तेल घेऊन हिंदू जातातच.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. त्याने हवेत दोन बोटांची शिंगं उभी केली. ही खूण मेटलमध्ये रूढ केली गायक रॉनी जेम्स डिओने, आणि तो ती शिकला इटालियन आजीकडून. ती दृष्ट लागू नये म्हणून करायची, असं मी म्हटल्यावर बहिणीची सासू आतून ओरडली, "बोटांनी कसली जाते दृष्ट? मीठ-मिरच्या आण रे इकडे. आणि तो शर्ट आधी काढ."